उड्डाणापूर्वीचा एक तास

नायट्रो इंधनावर चालणारे रेडिओ-नियंत्रित विमान आकाशात घिरट्या घालताना पाहून ज्यांचे मन हरखते, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येते, की त्या दहा मिनिटांच्या उड्डाणाचा निकाल चाके हलण्यापूर्वीच, माळावर गुडघे टेकून केलेल्या तजविजीत लागून गेलेला असतो.

अशा विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणाच नसते. ग्लो-प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार दीड व्होल्टच्या बॅटरीने एकदा लाल केली, की पुढे मिथेनॉल व प्लॅटिनम यांच्या संयोगाने घडणारी क्रिया आणि ज्वलनाची उष्णता यांच्या बळावर, बॅटरी काढून घेतल्यानंतरही, ती तप्तच राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रे आर्डेन यांनी हा प्लग प्रचारात आणला आणि हौशी उड्डाणाचे जग पालटले. इंधनात मिथेनॉल, शेकडा 10-15 नायट्रोमिथेन आणि सुमारे पंचमांश तेल असते. त्या तेलात आपल्या परिचयाचे एरंडेलही असते, कारण मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन तापले असता, इतर तेले हार खातात तेथे एरंडेल तग धरते.

माझ्या मते खरी विद्या आहे ती इंधन कमी-जास्त करणाऱ्या कार्बुरेटरच्या सुईची. साडेसात सीसीचे इंजिन पूर्ण वेगावर नेऊन, पंख्याच्या मागच्या बाजूनेच हात घालून सुई एकेक खटका आवळत जावी, म्हणजे आवाज चढत चढत टिपेला पोचतो; आणि नेमक्या त्याच क्षणी, कानाला तो स्वर कितीही गोड वाटला तरी, सुई दोन-तीन खटके मागे घेऊन आवाज किंचित जड होऊ द्यावा. मग सोबत्याने विमान घट्ट धरून त्याचे नाक आकाशाकडे करावे. टाकीतून वर चढताना इंधन कमी पडले, तर आवाज बारीक होऊन इंजिन आचके देते. अशा सुईवर उडालेले विमान पहिल्याच चढणीत बंद पडते. धुराड्यातून धुराची पांढरी रेघ अखंड निघत असेल, तरच माझी खातरजमा होते.

गुरुत्वमध्याची परीक्षा टाकी रिकामी असताना करावी: 30 सेंटिमीटर रुंदीच्या पंखाखाली, पुढच्या कडेपासून 8-9 सेंटिमीटरवर, दोन बोटे लावून उचललेले विमान सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. सुकाणूंच्या दिशा पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु ते अर्धे मिनिट मी एकदा वाचवले. दुरुस्तीनंतर पंखावरील सुकाणूच्या, म्हणजे एलेरॉनच्या, सर्व्हो-मोटरची जोडणी उलटी झाली होती. उजवीकडे वळवलेले विमान डावीकडे कलंडले, आणि सारा हिवाळा खपून बांधलेल्या बाल्साच्या सांगाड्याच्या चिपळ्या मी मुरमातून वेचल्या. तेव्हापासून विमानाच्या मागे उभे राहून, ट्रान्समीटरची काठी उजवीकडे नेली असता उजवे एलेरॉन वर उचलले जाते हे डोळ्यांनी पाहिल्याविना मी इंजिनला हात लावीत नाही.

संध्याकाळी टाकीतील उरलेले इंधन जाळून टाकावे, कारण मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि बेअरिंगांना गंज चढतो.

हा छंद धरू इच्छिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्या दिवशी एकट्याने माळावर जाऊ नका. मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसत नाही, आणि सुईचा तो दोन खटक्यांचा फरक जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच कानाला कळतो.