एकच पान

‘एकच पान?’ असे वाढप्याने तमिळमध्ये विचारले असावे. मला कळले ते त्याने वर केलेल्या बोटावरून. उत्तरादाखल मीही एक बोट वर केले. तंजावरातल्या पहिल्या दिवसाचे माझे सर्वांत लांब संभाषण ते एवढेच!

ही गेल्यानंतरचा माझा पहिलाच प्रवास. तंजावरची टूम तिचीच. वीस वर्षे मराठी शिकवता आणि तिथला एवढा मोठा मराठी शिलालेख पाहिला नाही म्हणून ती मला डिवचत असे. दर सुटीत काहीतरी निघे आणि बेत पुढे जाई. अखेर एकाच बर्थचे तिकीट काढून निघालो. गाडीत शेजारच्या मंडळींनी डबा उघडला, मला इडली दिली आणि मग हसतमुखाने विचारले, ‘फॅमिली?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मला अजून साधलेले नाही. ‘घरी आहे,’ असे सांगून मोकळा झालो.

बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाचे. १०१० साली ते पुरे झाले. विमान दोनशे फुटांहून उंच. मान वर केली आणि नकळत तोंडून निघून गेले, ‘अगं, बघ तरी!’ शेजारी एक अनोळखी बाई उभ्या होत्या, त्या दचकून दोन पावले सरकल्या. मग देऊळ मी पाहिलेच नाही. लॉजवर येऊन दिवेलागणीलाच दार लावून घेतले. एकट्याने जेवता येते, झोपता येते. नवल मात्र एकट्याने पाहवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो तो केवळ लेखासाठी. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर तो आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी इथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली घराण्याचा इतिहास या दगडावर कोरविला. कानावर चहूकडून न कळणारी भाषा, आणि डोळ्यांसमोर मराठी! मी पुटपुटत वाचू लागलो. मास्तरी खोडीने ऱ्हस्वदीर्घही तपासू लागलो, मग माझी मलाच लाज वाटली. एखादे अक्षर लागेना की मागे यावे, ओळ पुन्हा धरावी, असे चालले होते.

पायाखालची फरशी तापली तेव्हा भानावर आलो. देऊळ बंद व्हायची वेळ झाली होती. तीन तास उलटले होते, आणि त्या तीन तासांत मला तिची एकदाही आठवण झाली नव्हती.

चोरी करताना सापडल्यासारखे वाटले. तसाच बाहेर पडलो. पण भूक सडकून लागली होती. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती. वाढप्याने मला ओळखले. या खेपेला बोट वर न करताच त्याने पान मांडले. मी भात दोनदा मागून घेतला.

रात्री मुलीचा फोन आला. ‘बाबा, एकट्याने कंटाळला असाल. उद्या निघताय ना?’

‘अगं, निम्मा लेख वाचायचा राहिलाय,’ मी म्हणालो, ‘परवा निघतो.’