टब की बादली?

उद्यमबागेतील आमच्या घराची न्हाणी मोठी करायची ठरली, तेव्हा मुलांनी वर शॉवर असलेल्या टबाचा हट्ट धरला. जागा होती, पैशाचेही जमले असते. पण टब एकदा भरायचा तर दीडशे लिटर तरी पाणी, म्हणजे आठ-दहा बादल्या! बेळगावला पाणी येते राकसकोप आणि हिडकलहून. पाऊस लांबला की राकसकोपची पातळी आपण सारेच विचारत असतो. शिवाय टबाची कड दीड फूट उंच. ती ओलांडताना आजीचा तोल गेला तर? मुले गप्प झाली. शेवटी टब सोडला. हातात धरायचा शॉवर, बसायला कट्टा, भिंतीला दांडी आणि खरखरीत फरशी घेतली. "माझी बादली काढू नका हं," आजी म्हणाली. ठेवली. धाकटीचा रुसवा मात्र अजून गेलेला नाही.