चित्र उघडलं नाही

‘लॉग’ म्हटलं की आपल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना लॉगरिदमची ती बारीक आकड्यांची कोष्टकं आठवतील आणि कदाचित अंगावर काटाही येईल. मला सांगायचं आहे ते त्या लॉगविषयी नाही. हा लॉग समुद्रावरून आला. इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी गलबताचा वेग मोजायला दोरीला बांधलेली एक फळी मागच्या बाजूने पाण्यात सोडत, वाळूचं घड्याळ उलटं करत, आणि वाळू संपेपर्यंत दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजून वहीत लिहीत. ती ओंडक्याची वही म्हणजे लॉगबुक. पुढे वारा, दिशा, आजारी खलाशी, सगळंच त्या वहीत येऊ लागलं. संगणकवाल्यांनी शब्द तिथून उचलला. प्रोग्रॅम चालत असताना आपण काय केलं, काय जमलं नाही, हे तो ओळीओळीने लिहून ठेवतो. त्या नोंदींना लॉग म्हणतात.

कला शाखेच्या मुलीने या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. उत्तर आपल्या ग्रंथालयात आहे. वाचनकक्षाशेजारचं कार्डांचं लाकडी कपाट सर्वांनी पाहिलं आहे. उघडून पाहणारे थोडे. २०२४ च्या दिवाळीनंतर ठरलं, की त्यातल्या सगळ्या कार्डांचे फोटो काढायचे, फोटोंतली अक्षरं संगणकाकडून वाचून यादी करायची आणि मग कपाट हलवून तिथे टेबलं मांडायची. कार्डं रद्दीत. वाचणारा प्रोग्रॅम माझ्या मावसभावाने लिहिला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या प्रोग्रॅमला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर एक आज्ञा टाईप करायची, एंटर दाबायचं आणि पांढऱ्या ओळी वर सरकताना पाहत बसायचं.

पाहत बसायचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे आपले ग्रंथालयातले मामा. त्यांना त्याच नावाने सगळे ओळखतात. रोज संध्याकाळी चार ते सहा ते एकेका खणाचे फोटो प्रोग्रॅमला देत आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघत. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर ओळ आली : ‘चित्र उघडलं नाही.’ मामांनी विचारलं, “कुणाचं?”

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. पडदा पुढे सरकला होता, त्या खणात दीडशेच्या वर कार्डं होती आणि न उघडलेलं चित्र त्यांतलं कोणतं हे सांगायला कुणी नव्हतं. त्यात आपल्या ग्रंथालयाच्या दाखल-रजिस्टरचे पहिले दोन खंड वाळवीने खाल्लेले आहेत. त्या काळातल्या पुस्तकांचा पुरावा म्हणजे ते कार्ड. कार्ड वाचलं गेलं नाही आणि पुढे रद्दीत गेलं, तर कपाटात पुस्तक असूनही ते कुणाला मिळणार नाही. फाटलेल्या पानासारखं हे दिसतसुद्धा नाही. यादी पूर्णच वाटते. जे यादीत आलं नाही त्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे पडद्यावरची ती ओळ, आणि ती म्हणत होती, चित्र उघडलं नाही.

“तू मराठीवाली, वाक्यं तू लिही,” भाऊ म्हणाला. अशी ही जबाबदारी माझ्याकडे आली.

मला वाटलं होतं, वाक्यं सोपी केली की झालं. पण लॉगच्या ओळीचा प्रश्न भाषेच्या आधी आकाराचा आहे. ओळीत काय काय असलं पाहिजे, आणि कोणत्या क्रमाने? याचं एक सुंदर उदाहरण संगणकाच्या इतिहासातच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-दोन या अवाढव्य यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. यंत्र सांभाळणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला आणि शेजारी लिहिलं : वेळ १५:४५, रिले क्रमांक ७०, फलक एफ, रिलेत पतंग. खाली थट्टेने, की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना. ग्रेस हॉपरबाई हा किस्सा पुढे आवडीने सांगत, म्हणून तो प्रसिद्ध झाला. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. लोक पतंगाची मौज सांगतात. मला मौज वाटते ती रिलेच्या क्रमांकाची. केव्हा, कुठे, काय : तिन्ही गोष्टी एका दमात. आज पाऊणशे वर्षांनंतर ते यंत्र समोर नसतानाही घटना डोळ्यांपुढे उभी राहते.

इतिहासाच्या वर्गात आपण बखर आणि शकावली यांतला फरक शिकतो. सभासद जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहितो तेव्हा गोष्ट रंगते, माणसं बोलतात, पण तिथी शोधत बसावं लागतं. जेधे शकावलीत रंग नाही. शके, महिना, तिथी आणि एखाद्या वाक्यात घटना; पुढची तिथी, पुढची घटना. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यात आहे, आणि त्या एका कोरड्या ओळीवर किती वाद झडले ते आपण जाणतोच. मी भावाला म्हटलं, तुझा प्रोग्रॅम बखर लिहितो आहे, आपल्याला शकावली हवी. त्याला दोन्ही शब्द समजावून सांगावे लागले, पण पटलं.

तिथीपासून सुरुवात केली. तो वापरतो त्या पायथॉन भाषेत लॉग लिहायची सोय २००३ पासून आयती आहे. मात्र आकार आपण सांगितला नाही तर ती वेळ छापतच नाही. याहून आश्चर्याची गोष्ट सिसलॉगची. १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी टपालाच्या प्रोग्रॅमसाठी ही पद्धत काढली आणि ती जगभर पसरली. तिच्या रूढ ओळीत महिना असतो, तारीख असते, तास-मिनिटं-सेकंद असतात. साल नसतं! लिहिणाऱ्याला साल ठाऊकच असतं ना. २००९ च्या नव्या नियमावलीत साल आलं. आम्ही साल सर्वांत पुढे ठेवलं, मग महिना, मग दिवस. या क्रमाचा फायदा असा, की ओळी नुसत्या वर्णक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात. देवनागरी आकड्यांनी हे बिघडेल अशी मला धास्ती होती. तसं होत नाही. ० ते ९ हे आपले आकडेही संगणकात ओळीनेच बसवले आहेत.

मग गांभीर्य. सिसलॉगमध्ये गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत, शून्यावर सर्वनाश आणि सातवर निव्वळ कारागिराच्या कामाची कुजबुज. भरताचे रसही आठच. पण एवढ्याशा प्रोग्रॅमला आठ रस पेलत नाहीत. आणीबाणी आणि अतिगंभीर यांतला भेद ठरवायला मामांनी कुणाला विचारायचं? आम्ही तीन ठेवले. ‘माहिती’ म्हणजे नुसतं वाचा. ‘अडचण’ म्हणजे काम चालू आहे, पण हे कार्ड हाताने बघा. ‘थांबा’ म्हणजे थांबा. माझं मत असं झालं आहे, की पायरीचं नाव प्रोग्रॅमला किती दुखलं हे सांगण्यासाठी नसावं. वाचणाऱ्याने आता काय करायचं, हे त्यावरून कळावं.

इथे एक गंमत झाली. भावाला रकाने सरळ हवे होते, एकाखाली एक. इंग्रजीत ते होतात, आपल्याकडे होईनात. ‘माहिती’ डोळ्यांना तीन अक्षरं आणि ‘अडचण’ चार. संगणक मात्र काना, वेलांटी वेगळी मोजतो. त्याच्या लेखी ‘माहिती’ सहा आणि ‘अडचण’ चारच. त्यामुळे जागा भरायला तो नेमकी उलटी रिकामी घरं सोडी आणि रकाने दारूड्यासारखे झोकांड्या खात. दोन दिवस खटपट करून भावाने नाद सोडला आणि मध्ये उभी रेघ घातली. ओळ अशी झाली :

२०२४-११-२६ १६:४२:०७ | अडचण ०४ | खण ३१, कार्ड ११४ | चित्र उघडलं नाही. कार्ड बाजूला काढा. काम पुढे चालू आहे.

तो ०४ भावाचा आग्रह. वाक्य मी उद्या बदललं तरी क्रमांक बदलायचा नाही, म्हणजे त्या जातीच्या सगळ्या ओळी केव्हाही शोधून काढता येतात. वाक्य माणसासाठी, क्रमांक शोधासाठी. हे त्याचं म्हणणं मी मानलं. संदेश इंग्रजीत असावेत, हे त्याचं दुसरं म्हणणं मानलं नाही.

यादी आणि लॉग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हाही त्याचाच धडा. त्यामागची हकीकत त्याने सांगितली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सची मंडळी फोटोच्या कागदावर मजकूर जुळवीत. कागद घाणेरड्या वासाच्या यंत्रातून धुऊन निघायला काही मिनिटं लागत. एका दुपारी अनेकांच्या हाती कागद आला तो सुरेख छापील अक्षरांत एकच ओळ घेऊन : अमुक फाईल उघडता येत नाही! प्रोग्रॅमची तक्रार मजकुराच्याच वाटेने छापखान्यात गेली होती. आरडाओरडा झाला आणि तक्रारींसाठी वेगळी वाट काढली गेली. ती आजही प्रत्येक प्रोग्रॅमला असते. नाहीतर आमच्या ग्रंथसूचीत ‘चित्र उघडलं नाही’ या नावाचं पुस्तक आलं असतं, लेखक अज्ञात.

रंगाचंही तसंच. पडद्यावर ‘थांबा’ लाल दिसावं म्हणून प्रोग्रॅम अक्षरांआधी एक गुप्त खूण पाठवतो. लाल रंगाचा अंक ३१. पडद्याला ती समजते. तीच ओळ फाईलमध्ये साठवली की वाक्याच्या पुढेमागे कंस आणि ३१ चा कचरा दिसू लागतो. तेव्हा समोर पडदा आहे की फाईल, हे आधी पाहायचं आणि फाईलला रंग लावायचा नाही. मामांना रंगाचं कौतुक नव्हतंच. ते ‘अडचण’च्या ओळी आपल्या वहीत शिसपेन्सिलीने उतरवून घेत आणि कार्ड हाती लागलं की शेजारी बरोबरची खूण करत.

संगणकवाल्यांच्या जुन्या पिढीत याच्या अगदी उलट टोक होतं. केन थॉम्प्सन यांच्या ‘ईडी’ नावाच्या मजकूर-संपादकात काहीही चुकलं तरी उत्तर एकच येई : प्रश्नचिन्ह. फक्त ‘?’. ते मोठ्या बुद्धीचे गृहस्थ होते, आणि त्यांचे वापरणारेही शेजारच्या खोलीतले. प्रश्नचिन्ह पाहून काय चुकलं ते ज्याला कळतं, त्याला ते पुरतं. मामांसमोर प्रश्नचिन्ह ठेवून चालणार नव्हतं, कारण प्रश्न त्यांच्याकडे आधीच होता.

काम जानेवारी २०२५ मध्ये संपलं तेव्हा ‘अडचण’च्या ३८६ ओळी होत्या. बहुतेक कार्डं हाताने लिहिलेली. टाईप केलेलं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला जुन्या ग्रंथपालांचं वळण उमगेना. मी आणि मामा खण उघडून एकेक काढत गेलो. खण ३१, कार्ड ११४ निघालं ते जात्यावरच्या ओव्यांच्या हस्तलिखित वहीचं, गावातल्याच एका बाईंनी दिलेल्या. वही दुसऱ्या मजल्यावर, खालच्या फळीवर, दोन गॅझेटिअरांच्या मध्ये होती. मामा म्हणाले, “ही कुणी मागितलीच नव्हती गं कधी.”

हा लेख अंकासाठी देताना मामांच्या वहीत ४७ ओळींपुढे खूण व्हायची आहे. तोवर कपाट हलवायचं नाही असं ठरलं आहे. टेबलं जिन्याखाली ठेवली आहेत.