भांड्याएवढा मासा

“मासा भांड्याएवढाच वाढतो, साहेब. भांडं लहान, मासा लहान.” दुकानदार असं म्हणाला आणि मी मान डोलवली. नामांतराच्या मोर्च्यात लाठी खाल्लेल्या माणसानं मान डोलवली! दोस्तांनो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं लिहिलंय ते सगळं त्या मान डोलवण्याबद्दलच आहे.

गोष्ट साधी. आमच्या वस्तीच्या विहारात पोरांसाठी अभ्यासिका चालते. १४ एप्रिलला एकानं तिथं काचेची पेटी आणून दिली. एक फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच. तळाला वाळू घातली की पाणी राहतं नऊ-दहा लिटर. म्हणजे आपली अर्धी बादली. पोरं नाचायला लागली. त्यांना घेऊन बाजारात गेलो आणि दोन गोल्डफिश आणले.

आठव्या दिवशी एक उलटा तरंगला. अकराव्या दिवशी दुसरा. सातवीतली एक पोरगी रोज वहीत नोंद करायची. तिनं विचारलं, “काका, कशानं मेले लिहू?” मी म्हणालो, “अगं, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं.”

बोललो आणि जीभ चावली. समोर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बुद्धाची मूर्ती, आणि मी पोरीला नशीब शिकवतोय! जन्मभर ज्याच्या विरोधात घसा फोडला तेच तोंडातून बाहेर आलं. पोरगी काही बोलली नाही. तिनं ‘कारण’ लिहून पुढची ओळ कोरी ठेवली. ती कोरी ओळ मला रात्रभर टोचत राहिली.

आपला एक कार्यकर्ता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याच्याकडं गेलो. त्यानं पहिल्यांदा शिव्या घातल्या, मग समजावलं. मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच हागतो-मुततो. कल्ल्यांतूनही घाण बाहेर टाकतो. त्याचा होतो अमोनिया. मुतारीत नाकाला झोंबतो तोच. वाळूत, दगडांवर एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी मासे सोडले. म्हणजे संडास नसलेल्या बंद खोलीत माणसं कोंडली.

आणि गोल्डफिश वीतभर, कधी फूटभरही होतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. “मग भांड्याएवढाच वाढतो ते?” मी विचारलं. तो म्हणाला, “वाढत नाही, खुंटतो. घाण पाण्यात अंग खुंटतं आणि लवकर मरतो. लोक त्याला ‘मावला’ म्हणतात.”

मावला! हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही नऊ जण. बाप गिरणीत. रात्रपाळी असली की त्याच्या जागेवर आम्ही दोघं भाऊ झोपायचो. बाप हसून म्हणायचा, “मावतंय की रं. पाय लांब करायचेच कशाला?” बाहेरचा कुणी आला की म्हणायचा, “या लोकांना सवय असते. भागतं त्यांचं.” भागत होतं, म्हणजे आम्ही मरत नव्हतो एवढंच. बाप हसत होता, पण त्याला नीट पाय पसरून झोपलेला मी कधी बघितला नाही. त्याच बापाचा मी पोरगा, आणि दुकानात तोच न्याय माशाला लावून आलो.

मग ठरवलं, आधी पाणी तयार करायचं. नळाचं पाणी चोवीस तास बादलीत उघडं ठेवलं, क्लोरीन उडून जावा म्हणून. जावा मॉस लावलं, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर बसवला. जिवाणूंना पोसायला दोन-तीन दिवसांनी माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची. सहा आठवडे पेटीत एकही मासा नाही. पोरं कावली. “काका, नुसतं पाणी काय बघायचं?” म्हटलं, ते सहा आठवडे निवड करायला वापरा.

पोरं यादी घेऊन आली. पहिली गप्पी. डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात ते मासे, फुकट मिळतील. पण मादी महिन्या-महिन्याला पिल्लं घालते, तीही विसा-पंचविसांनी. दहा लिटरात वर्षभरात काय होईल? खोडलं. निऑन टेट्रा थव्यानं राहणारे, सहापेक्षा कमी ठेवले तर बिथरतात. खोडले. काच साफ करणारा सकर मासा? तो फुटाच्या वर जातो. मग लोक त्याला तळ्यात फेकतात आणि तिथल्या माशांची पंचाईत होते. खोडला. तळहाताएवढं कासव? तेही ताटाएवढं होतं.

राहिला फायटर. थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ पाण्यातला मासा. पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून दुकानात त्याला पेल्यात ठेवतात. “बघा, राहतोय की!” म्हणतात. अरे, श्वास घेता येतो म्हणून मरत नाही, पेला त्याला आवडतो म्हणून नाही. एकटा ठेवला, पाणी सांभाळलं, तर तो दहा लिटरात निभावतो. वीस असले तर बरं. पोरांनी मत घेतलं. निभावणारा नको, मोकळा राहणारा हवा.

शेवटी आणले बारा चेरी झिंगे आणि तीन लाल पाणगोगलगायी. झिंगा साधारण इंचभराचा. शेवाळ खातो, घाण थोडी करतो, दहा लिटर त्याला मैदान आहे. फक्त तांबं असलेलं औषध पाण्यात पडू द्यायचं नाही, आणि पाणी तापू द्यायचं नाही. २८ अंशांच्या वर त्याला त्रास होतो. म्हणून पेटी खिडकीतून काढून सावलीच्या कोपऱ्यात ठेवली. उन्हाळ्यात तिच्यावर पंखा लावतो. आठवड्याला पाव पाणी बदलायचं, पोरांनी पाळ्या लावून घेतल्यात.

पाण्याची गोष्ट निघाली की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. महाडच्या तळ्यावर गुराढोरांना मुभा होती, आपल्याला मनाई. तो लढा पाणी कुणाच्या ताब्यात, याचा होता. आता काचेच्या पेटीतलं पाणी माझ्या ताब्यात आहे. त्या तळ्याचा सवर्ण मीच. जे आत आहेत त्यांना मोर्चा काढता येत नाही, सत्याग्रह करता येत नाही. त्यांना एकच करता येतं, उलटं तरंगायचं. हातात थोडी सत्ता आली की मालकाची भाषा किती पटकन जिभेवर येते, हे मला दोन मेलेल्या माशांनी शिकवलं. पंचशीलातलं पहिलं शील मी हजार वेळा म्हटलंय, पण पाणी मोजून कधी म्हटलं नव्हतं.

परवा पोरीची वही चाळत होतो. झिंग्यांच्या पोटाखाली अंडी दिसली, ती नोंद होती. मागं जाऊन बघितलं तर ती कोरी ओळ भरलेली. ‘कारण : अमोनिया. पाणी कमी. काकांनी आधी विचारलं नाही.’

खोडायला सांगितलं नाही. बरोबर लिहिलंय.