जुनी फिल्म

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला आजोबांचा छातीचा एक्स-रे पाहत होतो. खोकला नाही, ताप नाही, वजनही उतरलेलं नाही. महाधमनीच्या कमानीवर चुन्याची पांढरी रेघ. या वयात ती दिसतेच. नजर अडकली ती उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी, खड्यासारख्या दाट ठिपक्यावर. तरुणपणी येऊन गेलेला क्षय असावा, शरीरानेच गाडून टाकलेला. त्यांना पत्ताही नसेल. असं काही दिसलं की माणसाबद्दल माया दाटून येते. पण कर्करोगही सुरुवातीला गप्पच असतो. अशी घन गाठ 2 वर्षं तशीच राहिली, तर बहुधा निरुपद्रवी. ते ठरवायला आधीचा एक्स-रे हवा. तो रद्दीत गेलेला. आता सीटी स्कॅन, आणि तोवर घरभर धास्ती. वडीलधाऱ्यांच्या जुन्या फिल्म कृपया जपून ठेवा.