उन्हाचे कपडे

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं जुनी माणसं सांगतात. नगरकडे ती पुरती जातच नाही. दुपारी जाते आणि पहाटे परत येते. सह्याद्रीच्या पाठीमागचा, पावसानं कायम हात आखडता घेतलेला हा जिल्हा. हवा कोरडी, माळ उघडे, दिवसाची ऊब रात्री धरून ठेवणारं काही नाही. म्हणून मार्चच्या एकाच दिवसात पारा पहाटे 16-17 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी 35 च्या घरात जातो. पाथर्डीकडून पहिल्या एसटीनं आलेली बाई माळीवाड्याच्या स्टँडवर उतरते तेव्हा तिच्या अंगात स्वेटर, त्यावर शाल, कानाभोवती रुमाल असतो. कामं उरकून दुपारी परत येते तेव्हा स्वेटर आणि शाल पिशवीत कोंबलेली असते, रुमाल मात्र कानांवरून डोक्यावर सरकलेला असतो. सकाळी तो थंडीसाठी होता, आता उन्हासाठी.

या दिवसांत मासिकांमध्ये वसंताची म्हणून खास पानं येतात. फिकट रंग घ्या, फुलाफुलांचं कापड घ्या, अमुक क्रीम बंद, तमुक सुरू. मला ती वाचायला आवडतात, खोटं कशाला बोला. पण त्यांतला वसंत कुठल्यातरी गारठलेल्या देशात बर्फ वितळल्यावर येणारा असतो. तिथली माणसं महिनोन्महिने घरात कोंडलेली, त्यांना उन्हात मिरवायची हौस. इथे उन्हाची कुणाला नवलाई? इथल्या वसंतात दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी चालतात. घरात एकेक वस्तू अंगावरून उतरत जाते, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना तेवढ्याच वस्तू अंगावर चढत जातात.

आधी उतरायचं बघू. गरम कपडे रिठ्याच्या पाण्यातून काढायचे, सावलीत वाळवायचे, घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून लोखंडी ट्रंकेच्या तळाशी ठेवायचे. डांबरगोळ्या आल्या तरी पाला काही हटला नाही. पैठणीच्या जवळ तर या गोळ्या जाऊच द्यायच्या नाहीत, जर काळी पडते म्हणून. ती मऊ सुती कापडात गुंडाळायची, आणि ठेवण्याआधी जुनी घडी मोडून नवी घालायची, नाहीतर रेशीम घडीवर तुटतं. पैठणीच्या बाबतीत आमचा जिल्हा भाग्यवान म्हणायचा. एका टोकाला कोपरगाव ओलांडलं की येवला, दुसऱ्या टोकाला शेवगावच्या पुढे गोदावरीपलीकडे पैठण. मध्ये आम्ही, वर्षातून दोनदा घडी बदलणारे.

वाकळा धुवायच्या तर पाण्याचा हिशेब लागतो. खरं मोठं धुणं दसऱ्याचं. पण थंडीभर अंगावर राहिलेल्या वाकळा तशाच कशा गुंडाळायच्या? मग मुळेच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय, याची चौकशी शेतकऱ्याइतकीच त्याची बायकोही करते. पाटाला पाणी आलं की काठावर वाकळा आपटल्याचे आवाज ऐकू येतात आणि कुंपणांवर जुनी लुगडी वाळत पडलेली दिसतात. आजीचं हिरवं, आत्याचं जांभळं, कुणाचं हे आता कुणालाच सांगता न येणारं एक किरमिजी. नेसलेली लुगडी शेवटी इथे येतात.

माणसांच्याही आधी कपडे उतरवतात त्या मेंढ्या. थंडी सरली की दख्खनी मेंढ्यांची कातरणी होते. कोकरांची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात, ती सगळ्यात मऊ; तिची घोंगडी मिळाली तर माणूस दुसऱ्याला दाखवत सुटतो. नुकताच कातरलेला कळप पारनेरच्या माळावरून जाताना बघावा. एकदम निम्मा झालेला, सगळ्या मानेनं लांब आणि पायानं बारीक. घोंगडी विणणाऱ्यांच्या आणि मेंढ्या राखणाऱ्यांच्या याच मुलखात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, 1725 साली अहिल्याबाई जन्मल्या. 2024 मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. त्यांनी महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले, आणि आज उन्हाळ्याचं वस्त्र म्हटलं की हलक्या वजनाची महेश्वरी चटकन आठवते. चौंडीच्या उन्हात लहानपण गेलेल्या बाईला अंगावर हलकं काय बसतं हे कुणी शिकवायला नको, असं मला उगाच वाटतं. इतिहास असं काही म्हणत नाही.

वाग्भटानं अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. थंडीत साठलेला कफ वसंताच्या उन्हानं पातळ होतो, म्हणून जड, गोड, आंबट कमी करा. दिवसा झोपू नका. कोरडं उटणं चोळा. मग आंघोळ करून कापूर, चंदन, अगरू, केशराचा लेप लावा. त्याच अध्यायात ऋतुसंधीबद्दल त्यानं जे सांगितलंय ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला आठवडा, या दिवसांत जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं. एकदम बदल केला की आजार आलाच. पहाटे स्वेटर आणि दुपारी पिशवी हे त्याच्या सांगण्याबरहुकूमच चाललंय.

केशर-अगरू राजेरजवाड्यांना लखलाभ. आमच्याकडे या सुमारास हरभरा निघालेला असतो, म्हणजे डाळीचं पीठ ताजं. त्यात आंबेहळद, चमचाभर दही. थंडीत अंग फुटतं म्हणून रोज चोळलेलं करडईचं तेल आता पिठानं काढायचं. ओठांना लोणी, टाचांच्या भेगांना आमसुलाचं तेल हे मात्र चालू ठेवायचं, कारण थंडी गेली तरी हवा कोरडीच राहते. आजीच्या फणेरपेटीत मेणाची एक डबी असायची. आधी कपाळावर मेणाचं बोट, त्यावर पिंजर. पौषात ते मेण इतकं कडक व्हायचं की बोटाच्या उबेवर आणावं लागे. फाल्गुनात आपलं आपण मऊ. चैत्रात कुंकू दुपारपर्यंत नाकावर. त्या डबीवरून महिना सांगता आला असता. टिकली आली आणि हा प्रश्न मिटला. आता घामानं सुटलेल्या टिकल्या न्हाणीघरातल्या आरशावर ओळीनं चिकटवलेल्या असतात, एवढंच.

देवांनाही हा बदल चुकलेला नाही. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत पंढरपुरात विठ्ठलाला रोज चंदनाची उटी लावतात. चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला उटी लागते आणि तिच्यासाठी वारकरी उन्हातान्हात चालत जातात. देवाला गार वाटावं म्हणून माणसांनी तापायचं, हा हिशेब वारकऱ्यांनाच जमतो. आमच्या जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून पाडव्यापर्यंत. त्याआधी देवाला तेल लावलं की गावात तळणाची कढई चढत नाही, लग्नं लागत नाहीत, माणसं पलंगावर झोपत नाहीत. ऐन वसंतात एक अख्खं गाव आपल्या सुखातलं थोडंथोडं कमी करतं. मग यात्रा फुलते, गाढवांचा बाजार भरतो आणि कासारांच्या पालापुढे बायका हात पुढे करून बसतात.

पाडव्याला घरातलं पहिलं नवं वस्त्र गुढी नेसते. माणसांचा नंबर नंतर. नटायचं म्हणून नटायचं ते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. मोगऱ्याचा गजरा, हाताला अत्तर, गुलाबपाणी, वाळ्याचं पाणी, कैरीची डाळ, पन्हं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. हे सगळं सूर्य कलल्यावर, सावलीत, एकमेकींच्या साड्या डोळ्यांनी चाचपत. त्या संध्याकाळी अंगावर सुती इरकल किंवा नारायणपेठ, खळ दिलेली, चालताना सळसळणारी.

आणि इथेच माझा मासिकांशी वाद आहे. उन्हाळ्यात सुती वापरा, असं सगळेच सांगतात, मीही सांगते. नेवासे, शेवगाव, पाथर्डीच्या काळ्या रानात कापूस पिकतो. बोंडं फुटतात, वेचणी होते, गाठी बांधून बाहेर जातात आणि गावात परत येतात ते सिंथेटिक साड्यांचे गठ्ठे. नगर शहरात एके काळी पद्मशाली विणकरांच्या हातमागांवर साड्या निघत. आता कापड बाजारात सुती साडी मागितली तर दुकानदार आधी वर तुमच्याकडे बघतो आणि मग वरच्या फळीकडे. पण दोष दुकानदाराचा नाही आणि गिऱ्हाइकाचाही नाही. सुती साडीला धुवायला पाणी लागतं, खळीला, निळीला पाणी लागतं, इस्त्रीला वीज आणि वेळ लागतो. सिंथेटिक दोन तांब्यांत निघते, झटकली की वाळते, चुरगळत नाही, रंग टिकवते. उन्हाळा लागला की ज्या गावात टँकरची वाट बघायची असते, तिथली बाई कुठली घेईल? अंगाला चिकटते, घामोळं येतं, तिला कळतं ते सगळं. सुती साडी ही ज्याच्या नळाला पाणी आहे त्याची ऋतुचर्या.

आता चढायचं. 1950 साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याचं नाव कायमचं लागलं. त्याच जिल्ह्यातून, पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू गावांतून, दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. फाल्गुन-चैत्रात कारखान्यांचा पट्टा पडतो आणि ती परततात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरणाऱ्या त्या बायकांच्या अंगावर साडी असते आणि साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उसाच्या पानाची कड कातडी कापते, पाचटाची कूस टोचते. शर्ट नसेल तर चार दिवसांत हात सोलून निघतील. हाच शर्ट ज्वारी काढताना, हाच उन्हाळ कांदा उपटताना. शहरातल्या फॅशनच्या दुकानांत असल्या ढगळ शर्टाला ‘बॉयफ्रेंड शर्ट’ म्हणतात. आमच्याकडे तो नवऱ्याचा असतो आणि कोपरावर विरलेला. साडीवर शर्ट हा वेष कुणा पोशाख-अभ्यासकानं नीट पाहायला हवा, इतका तो महाराष्ट्राचा आहे. पण तो फोटोत नको असतो. फोटो काढतो म्हटलं की बाई आधी शर्ट काढते, मग पदर सारखा करते.

सावेडीच्या रस्त्यावर स्कूटीवरून जाणाऱ्या मुलीही तेच करतात, फक्त वस्तू वेगळ्या. पांढरा सनकोट, बोटांपर्यंत मोजे, डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ, त्याआधी सनस्क्रीनचा थर. उन्हापासून जपायचं म्हणून एवढं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण निम्मं कारण ‘काळी पडशील’ हे असतं, आणि पुढे लगीनसराई तोंडावर आलेली. पार्लरच्या पाट्यांवर या महिन्यात ‘डी-टॅन’ मोठ्या अक्षरांत झळकतं. 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीनं 2020 मध्ये आपलं नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. ट्यूबवरून गोरेपणा गेला, कांदेपोह्यांतून काही गेला नाही. उसाच्या फडात पाच महिने काढून आलेल्या पोरीला बघायला पाहुणे येतात तेव्हा तिच्या हाताच्या वेगापेक्षा हाताचा रंग आधी पाहिला जातो. डाळीच्या पिठाची इतकी स्तुती केल्यावर हेही लिहायला हवं, की घराघरांत ते पीठ निम्म्या वेळा याच कारणासाठी भिजवलं जातं.

माझी मावशी या भानगडीत पडत नाही. पाडव्याच्या आधीच्या आठवडी बाजारात तिच्याबरोबर गेले होते. शर्टांच्या ढिगापुढे ती उकिडवी बसली आणि एकेक उचलून शिवणी ताणून बघू लागली. दुकानदार पोरगा म्हणाला, “मालकांचं माप सांगा, मावशी, मी काढून देतो.”

“मालकाचं कशाला? मलाच घालायचाय. पांढरा नको, मळतो. काळा ऊन धरतो. तो चौकडीचा दाव.”

त्यानं दाखवला. तिनं कॉलर उभी करून बघितली, “ही अशी ऱ्हायला पायजे, मान भाजती.” खिशात स्वतःचा मोबाइल घालून, वाकून, तो खाली पडत नाही याची खात्री केली. पोरगा दीडशे म्हणाला, ती शंभर म्हणाली.

“मावशी, फुल बाह्या आहेत.”

“लांब हैत, मला दुमडाव्या लागत्यात. न वापरायच्या कापडाचे पैसे काय घेतो?”

एकशेवीसवर जमलं. पैसे मोजून तिनं शर्ट तिथेच साडीवरून चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि मोकळी मनगटं माझ्यापुढे धरून म्हणाली, “चल, आता बांगड्या.”