जरा बाहेर बसता?

नोटबंदीनंतरच्या आयकराच्या नोटिसा माझ्या टेबलावर येऊ लागल्या, त्या दिवसांतले एक जोडपे. बाईंच्या खात्यात नोव्हेंबर 2016 मध्ये 2,90,000 रुपये रोख भरलेले.

"पैसे कुठले?"

"भावानं दिले." उत्तर चटकन आले, नजर मात्र नवऱ्याच्या चपलांवर. मी त्यांना म्हटले, "काका, जरा बाहेर बसता?"

दार लागल्यावर बाईंनी पिशवीतून सात वर्षांची कालनिर्णय काढली. दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक अक्षरात: फॉल-पिको 60, ब्लाउज 120, भिशी लागली. एका पानावर ‘ताईला उसने 500’. ते परत आल्याची नोंद पुढे कुठेच नाही. त्या बुडालेल्या पाचशेंनी माझी खात्री पटवली. रचलेल्या हिशेबात बुडीत उधारी कोण कशाला लिहील?

त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याची फाइल आली. रंगीत चिठ्ठ्या लावलेली, देखणी. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, म्हणून बारा नातेवाइकांची प्रत्येकी 19,900 रुपयांची पत्रे. सह्या बारा, शाई एक, आणि ‘आशीर्वाद’ बाराही जणांनी सारखाच चुकवलेला. आईच्या बक्षीसपत्रावर तारीख एप्रिलची. स्टॅम्प पेपरच्या मागे विक्रेत्याचा शिक्का डिसेंबरचा. फाइल परत केली. (फी गेली, त्याची हळहळ अजून आहे.)

सुमती दयाल खटल्यात, 1995 साली, सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीतले एकामागून एक लागलेले जॅकपॉट खरे मानले नाहीत. कागद होते, पण माणसाच्या व्यवहारात असे घडते का, हे न्यायालयाने पाहिले. आम्ही करसल्लागार हा निकाल नेहमी अधिकाऱ्याच्या बाजूचा समजतो. मी तो बाईंसाठी वापरला: शिवणकाम करणारी बाई सात वर्षांत एवढे साठवेल की नाही? भावाची गोष्ट मात्र जबाबात येऊ दिली नाही. ते खोटे आयकर खात्यासाठी नव्हतेच, घरासाठी होते.

घरच्या बचतीतले अडीच लाखांपर्यंत खोदू नये, अशी खात्याचीच सूचना होती. अधिकाऱ्याने तेवढे मानले. कॅलेंडरे चाळली आणि वरचे 40,000 अस्पष्टीकृत ठरवले. माझ्या मते तेही तितकेच खरे होते. कर तेव्हा सव्वासत्त्याहत्तर टक्के, म्हणजे 30,900 रुपये, व्याज वेगळे. बाईंनी ते पुढच्या भिशीतून भरले. काकांना भावानेच दिले असे वाटते.